समुद्राला सातबारा नसतो

रविवारची सकाळ आणि मासळीबाजार यांचे नाते किनाऱ्यावरच्या घरांना वेगळे सांगायला नको. ज्या घरांत मासे शिजतात तिथून हा मजकूर वाचून होईपर्यंत बाजाराची पिशवी बाहेर पडलेली असेल. ती परत आल्यावर होणारा संवादही ठरलेला असतो : पापलेट केवढ्याला मिळाले, आणि एवढेसेच का मिळाले? तळहाताएवढे पापलेट पाहून आजीने नाक मुरडावे आणि आमच्या लहानपणी शेपटी ताटाबाहेर येत असे, अशी आठवण काढावी, हा आता कित्येक घरांतला रिवाजच झाला आहे. आजीची आठवण थोडी फुगलेली असेलही. पण तक्रार खरी आहे आणि सरकारलाही ती पटलेली दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला 'राज्यमासा' म्हणून घोषित केले. त्याच वर्षी पन्नासहून अधिक जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून देण्यात आली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच इंचांच्या आसपास आहे. त्याहून लहान पिल्लू धरू नये, असा नियम झाला.

या गोष्टीला पुरते वर्षही लोटले नव्हते तोच, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. वाढवण हे डहाणू तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव. त्याच्या दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावर, पापलेटासाठी नावाजलेले सातपाटी आहे. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प आहे. समुद्रात भराव घालून १,४४८ हेक्टर नवी जमीन तयार करायची, दहा किलोमीटरहून अधिक लांबीची लाटरोधक भिंत बांधायची आणि नऊ कंटेनर टर्मिनले उभारायची, असा त्याचा आराखडा आहे. भरावासाठी लागणारी वाळू दमणच्या समुद्रातून उपसून आणायची आहे. राज्यमाशाची बातमी आणि बंदराची बातमी वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या पानांवर आल्या. पाणी मात्र एकच आहे.

बंदर नेमके तिथेच का, या प्रश्नाला अभियंत्यांचे उत्तर सरळ आहे. आजची सर्वांत मोठी कंटेनरवाहू जहाजे पूर्ण भरली की त्यांना सोळा मीटरहून अधिक खोल पाणी लागते. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात गाळ उपसून उपसून पंधरा मीटरच्या आसपास खोली राखावी लागते. वाढवणला किनाऱ्यापासून फार दूर न जाता वीस मीटरची नैसर्गिक खोली मिळते. अशी जागा आपल्या किनाऱ्यावर सहज सापडत नाही. शिवाय पश्चिम रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग हाकेच्या अंतरावर आहेत. भारताचा माल कोलंबो किंवा सिंगापूरला उतरवून पुन्हा दुसऱ्या जहाजात का चढवायचा, हा सरकारचा सवालही गैरलागू म्हणता येणार नाही.

मग मासे तिथेच का, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मात्र कोणत्याही पायाभरणीच्या भाषणात सापडत नाही. ते शोधण्यासाठी नकाशा घेऊन बसावे लागते. गोव्यापासून उत्तरेकडे जाऊ लागले की किनाऱ्यालगतचा समुद्राखालचा उथळ पट्टा रुंद होत जातो. मुंबई-डहाणूसमोर तो तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतो. उत्तरेला खंबातचे आखात आहे. तापी, नर्मदा, मही आणि साबरमती या चार मोठ्या नद्या तिथे गाळ आणून ओततात. दक्षिणेकडून वैतरणा येते. मधल्या पट्ट्यात सह्याद्रीतून उतरणाऱ्या लहान नद्या आणि खाड्या आहेत. आखाताच्या निमुळत्या आकारामुळे तिथली भरती अक्राळविक्राळ होते आणि तिची ओढ डहाणू, सातपाटी, वसईपर्यंत जाणवते. मालवणला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम पुरुषभर असतो. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेला तो पाच मीटरपर्यंत जातो आणि पुढे उत्तरेला वाढतच राहतो. गोड्या पाण्यातून आलेला गाळ, उथळ समुद्र आणि दिवसातून दोनदा सगळे ढवळून काढणारी भरती, या तिन्हींच्या मेळातून माशांचे खाद्य तयार होते, आणि त्यावर माशांची पिल्ले वाढतात. मच्छीमार या पट्ट्याला 'गोल्डन बेल्ट' म्हणतात ते उगाच नाही.

बोंबलाचेच पाहा. अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असलेला हा मऊ लिबलिबीत मासा भारताच्या सगळ्या किनाऱ्यांवर मिळत नाही. तो मुख्यतः गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या समुद्रात मिळतो, आणि मग एकदम पलीकडे बंगालच्या बाजूला. त्याला गढूळ, ओढीचे, नद्यांच्या मुखालगतचे पाणी लागते. त्याला पकडायचे साधनही त्या पाण्यानेच घडवले आहे. समुद्रतळात लांबच लांब लाकडी खांब ठोकायचे, त्यांना शंकूच्या आकाराचे, पिशवीसारखे जाळे बांधायचे आणि भरतीच्या ओढीसमोर त्याचे तोंड उघडे ठेवायचे. मासे आपण होऊन आत येतात. पाणी फिरायच्या आत जाळे उचलायचे. हीच ती डोल. तिच्यामागे धावायला इंजिन लागत नाही. लागते ते भरतीचे गणित, आणि ते तिथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होते. दक्षिणेकडे, जिथे ओढ मंद आहे, तिथे डोल चालत नाही. तिथे मालवणकडची रापण आली : किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे, साऱ्या वाडीने ते ओढायचे आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा द्यायचा. पाण्याचा स्वभाव बदलला तसे जाळे बदलले आणि जाळ्याबरोबर वाटणीचा रिवाजही बदलला.

डोलीसाठी खांब ठोकण्याच्या जागेला तिकडे 'कव' म्हणतात. कोणाची कव कुठे, हे गावाला माहीत असते. ती बापाकडून मुलाकडे येते. तिच्यावरून भांडणेही होतात आणि ती साधीसुधी नसतात. वसई-उत्तनकडच्या मच्छीमारांनी आपल्या कवी उत्तरेकडे आणत आणत पालघर-डहाणूसमोर ठोकल्या, अशी सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. तिथे तरंगती जाळी सोडून पापलेट पकडणाऱ्यांना हे खांब आडवे येतात. म्हणजे 'मच्छीमार' नावाचा एकसंध, भोळाभाबडा समाज किनाऱ्यावर गुण्यागोविंदाने नांदत होता आणि एके दिवशी बंदर आले, असे चित्र कोणी रंगवत असेल तर ते खरे नाही. ट्रॉलर आले, पर्ससीन आली, दिव्यांच्या झोतात मासे गोळा करणारी नौका आली. यांतले काही बाहेरून आले, काही आपल्याच माणसांनी कर्ज काढून आणले. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले ते पारंपरिक मच्छीमारांच्याच मागणीवरून. पापलेट लहान होण्याचे खापर एकट्या बंदरावर फोडता येणार नाही. बंदर तर अजून व्हायचे आहे.

पण कवीच्या या भांडणातूनच एक गोष्ट दिसते. भांडण होते म्हणजे हक्क आहे, असे दोन्ही पक्ष मानतात. तो हक्क गावाला मान्य आहे, सोसायटीला मान्य आहे, समोरच्या गावालाही कुरकुरत का होईना मान्य आहे. तो फक्त तलाठ्याच्या दप्तरात नाही. जमिनीचा सातबारा निघतो. समुद्राचा निघत नाही.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो हे पाहायला डहाणूपर्यंत जायची गरज नाही, उरण पुरेल. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याआधी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, नवी मुंबई आणि बंदर यांसाठी जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या बलिदानातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व जन्माला आले, आणि पुढे देशभर त्याचे दाखले दिले गेले. त्याची अंमलबजावणी कशी रेंगाळली हा वेगळा विषय आहे. पण निदान तत्त्व तरी होते, कारण मोजायला जमीन होती. साडेबारा टक्के समुद्र परत कसा द्यायचा? शेवा गावचा कोळीवाडा बंदरासाठी उठवला गेला. त्याचे पुनर्वसन उरणच्या हनुमान कोळीवाड्यात झाले आणि तिथली घरे वाळवीने पोखरली. चार दशके त्या कुटुंबांचे गाऱ्हाणे चालू राहिले.

बंदराचा विस्तार होताना भरावाने मासेमारीच्या जागा गेल्या, खाडीत जायच्या वाटा बुजल्या. पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाच्या पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. सिडको आणि तेल व नैसर्गिक वायू महामंडळ यांनाही त्यात वाटा उचलायला सांगितले. भागाकार करून पाहिला तर कुटुंबामागे पावणेसहा लाखांहून थोडे अधिक पडतात. रकमेपेक्षा महत्त्वाचे हे की, मच्छीमाराच्या वहिवाटीला भरपाई मागण्याइतका आधार आहे, ही गोष्ट एका न्यायपीठाने मान्य केली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाचे दार ठोठावायला बंदर सुरू झाल्यावर पाव शतक जावे लागले, ही बाब डहाणूच्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको.

समुद्राच्या वापराचा हक्क कोणाचा, हा झगडा या किनाऱ्याला नवा नाही. किंबहुना इथला बराचसा इतिहास याच झगड्याचा आहे. फक्त आपण तो राजांच्या आणि किल्ल्यांच्या अंगाने शिकतो. डहाणूचा सर्वांत जुना उल्लेख शोधायचा तर किनारा सोडून नाशिकला, पांडवलेण्यांत जावे लागते. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख तिथल्या दहाव्या लेण्यात आहे. आपल्या पुण्यकृत्यांची यादी देताना तो काही नद्यांची नावे सांगतो, त्यांत दमण आहे, तापी आहे आणि दाहनुका आहे. या नद्यांवर आपण प्रवाशांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्या, असे तो नोंदवतो. बत्तीस हजार नारळाची झाडे दान दिल्याचाही उल्लेख त्यात आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या राजपुरुषाला डहाणूच्या खाडीसंबंधी दगडात कोरून ठेवण्याजोगी वाटलेली गोष्ट म्हणजे तिथून कोणालाही दाम न मोजता जाता यावे. इतक्या साध्या कलमाने या किनाऱ्याची नोंद सुरू होते.

त्याच काळाच्या जरा आधी एका अनामिक ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे येतात. कल्याणला येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. म्हणजे दोन सत्तांच्या भांडणात एका बंदराचा व्यापार दुसरीकडे वळवण्याचा उद्योग तेव्हाही होता! सोपाऱ्याचे काय झाले हे तर आज लोकलने जाणाऱ्याला कळणारही नाही. अशोकाच्या आज्ञालेखाचे तुकडे जिथे सापडले, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी जिथला स्तूप उकरला, ते जगप्रसिद्ध बंदर आता समुद्रापासून आत, नालासोपाऱ्याच्या वस्तीत बुडून गेले आहे. खाडी गाळाने भरली आणि जहाजे निघून गेली. चौलचे तेच झाले, कल्याणचे तेच. या किनाऱ्यावर बंदरे येतात, भरभराटीला येतात आणि गाळ साचला की जातात. त्यांच्या शेजारी ज्यांनी जाळी टाकली त्यांची गावे मात्र तिथेच राहिली. वाढवणची वीस मीटर खोली किती वर्षे टिकेल, लाटरोधक भिंतीने अडलेला गाळ कुठे जाऊन बसेल, शेजारच्या कोणत्या गावाची वाळू जाईल आणि कोणत्या खाडीचे तोंड बुजेल, हे प्रश्न म्हणूनच केवळ पर्यावरणवाद्यांचे नव्हेत. सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनाही ते पडले असतील.

पुढे पोर्तुगीज आले आणि त्यांनी समुद्रावर परवाना बसवला. त्यांचा 'कार्ताझ' जवळ नसेल ते जहाज लुटायला मोकळे. समुद्राचा सातबारा आपल्या नावावर करून घेण्याचा आपल्याकडचा तो पहिला मोठा प्रयत्न म्हणायला हवा. डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, वसई अशी त्यांच्या गढ्या-किल्ल्यांची माळ याच किनाऱ्यावर होती. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९च्या जानेवारीत तारापूर पडले ते बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा गमावून, आणि मे महिन्यात वसई पडली. शिवाजीमहाराजांनी तर त्याच्या ऐंशी वर्षे आधीच, कल्याण-भिवंडी हाती येताच, हे ओळखले होते की किनारा आपला आणि पाणी दुसऱ्याचे, असे राज्य चालत नाही. १६७९ मध्ये खांदेरीवर तटबंदी उभी राहत असताना इंग्रजांची मोठी गलबते बेटाला वेढा घालून होती, आणि मराठ्यांच्या लहान, कमी खोल पाण्यात चालणाऱ्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोहोचवत होत्या. त्या होड्या वल्हवणारे कोण होते? ज्यांना तिथला खडक न् खडक आणि ओहोटीची वेळ ठाऊक होती तेच, कोळी आणि भंडारी. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावणाऱ्या लाय पाटलाला महाराजांनी पालखीचा मान दिला. दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय करायची, असे तो म्हणाला. तेव्हा त्याला 'पालखी' नावाचे गलबत बांधून दिले, अशी कथा सांगितली जाते. आरमाराच्या इतिहासात या मंडळींची नावे एखाद-दुसऱ्या ओळीत येतात आणि जातात.

त्यांना जरा जास्त जागा दिली ती दगडाने आणि रंगाने. बोरिवलीजवळ एकसर येथे उभे असलेले वीरगळ ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी एखादा रविवार त्यासाठी जरूर काढावा. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे ते दगड आहेत. काहींवर चक्क समुद्रावरची लढाई कोरली आहे : उंच नाळेची जहाजे, बाजूला वल्ह्यांच्या रांगा, पाण्यात पडलेली माणसे. शिलाहारांच्या काळातली ही लढाई नेमकी कोणती यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण कोरणाऱ्याने जहाजे ऐकून कोरली नाहीत, पाहून कोरली, हे वल्ह्यांच्या रांगांवरून कळते. वीरगळ सामान्यतः गुरे राखताना किंवा गाव राखताना मेलेल्यांचे असतात. इथे पाणी राखताना मेलेल्यांचे आहेत.

दुसरे उदाहरण थेट डहाणू तालुक्यातलेच. गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे हे वारली चित्रकलेला जगाच्या नकाशावर नेणारे कलावंत. लग्नघरातल्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढायची ही चित्रे. ती एक पुरुष, लग्नाकार्याशिवाय, रोज काढत बसतो, हेच मुळी नवल होते. भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे सत्तरच्या दशकात ती कागदावर आली, १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात गेली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा येतो, तो मासेमारीच्या जाळ्याचा. बारीक बारीक रेघांनी विणत नेलेले जाळे साऱ्या चित्रावर पसरते, आणि त्यात मासे, खेकडे अडकलेले दिसतात. पाहणाऱ्याला क्षणभर वाटते की जाळे पाण्यात नाही, पाणीच जाळ्याचे बनले आहे. वारली समाज समुद्रावरचा नव्हे, जंगल-डोंगरातला. त्याचे मासे ओढ्या-नद्यांतले. पण डोंगरातला ओढा आणि किनाऱ्यावरची खाडी यांचा संबंध तोडून पाहायची सवय आपल्याला लागली आहे, त्यांना नव्हती. ज्या सूर्या नदीच्या खोऱ्यात हे पाडे आहेत तिच्यावर धामणीचे धरण झाले, आणि ते पाणी आज नळांवाटे वसई-विरार, मीरा-भाईंदरकडे चालले आहे. जे गोडे पाणी खाडीत पोहोचत नाही त्याचा हिशेब समुद्रातला मासा मागतोच. नर्मदेच्या मुखाशी पाला माशाची जी दैना झाली, ती याच हिशेबातली.

आता मूळ विषयाकडे येऊ. डहाणूला हे सगळे कायद्याने जपायचे आहे, असे एकेकाळी ठरले होते. २० जून १९९१ रोजी केंद्राने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. वाढवणला बंदर करण्याचा घाट तेव्हाही घातला गेला होता. प्राधिकरणाने १९९८ मध्ये त्याला नकार दिला. सतरा-अठरा वर्षांनी प्रकल्प पुन्हा वर आला. मग बंदर हा 'उद्योग' मानायचा की नाही, यावर बरीच कागदी लढाई झाली. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, आता वेगळ्या सदस्यांसह, अटी घालून ना हरकत दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरण मंजुरी आली, एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. १९९८ मध्ये जे अशक्य होते ते २०२३ मध्ये शक्य का झाले? तंत्र सुधारले, आराखडा किनाऱ्यापासून आत समुद्रात सरकवला, असे सरकार सांगते. त्यात तथ्य असेल. पण मधल्या काळात मासा वाढलेला नाही, हेही तितकेच खरे.

बंदर किनाऱ्यावर नसून समुद्रात आहे, त्यामुळे एकही गाव उठणार नाही, हा युक्तिवाद सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. तो ऐकायला चांगला आहे. जमिनीच्या हिशेबाने पाहिले तर बरोबरही असेल. पण डोलवाल्याचे शेत घराच्या मागे नसते, समोर असते. त्याचे घर जागेवर राहिले आणि कव भरावाखाली गेली, तर त्याला विस्थापित म्हणायचे की नाही? शिवाय बंदर झाले की जहाजांच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरतात आणि त्या वाटांवर जाळे टाकता येत नाही. हे क्षेत्र भरावाच्या १,४४८ हेक्टरांत धरलेले नसते. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या विस्तारात पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, तिथल्या मच्छीमारांना समुद्रापासून दूर वसवले गेले. त्यांचे हाल या पंचक्रोशीने डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यामुळे वाढवण, वरोर, चिंचणी, धाकटी डहाणू इथल्या लोकांना आश्वासन दिले की ते आधी पोफरणचे नाव घेतात. वाढवण-वरोर-चिंचणीत केवळ मासेमारी नाही. दागिन्यांचे साचे घडवणारी डायमेकिंगची घरगुती कला तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, चिकूच्या वाड्या आहेत. हे सगळे उद्योग कंटेनरच्या यार्डाशेजारी कसे जगतील, याचे उत्तर 'बारा लाख रोजगार' या आकड्यात मिळत नाही.

तरीही सगळे अंधारातच आहे असे नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात २०२१ मध्ये मच्छीमारांच्या वहिवाटीच्या हक्काची दखल घेतली. त्यानंतर २०२३ मध्ये राज्याने प्रकल्पबाधित मच्छीमारांसाठी भरपाईचे धोरण आखले. २०२५ मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. आणि वरळीचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाला वरळीच्या कोळ्यांनी अडवून धरले : खांबांमधले साठ मीटर अंतर आमच्या होड्यांना पुरणार नाही, लाटेवर होडी खांबाला आपटेल. हे अंतर पुरेसे आहे, असे आधी ठामपणे सांगण्यात आले होते. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एका गाळ्यातले अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. त्यासाठी आराखडा बदलला, खर्च वाढला, आणि पूल झालाच. ज्याने जन्मभर त्या खडकांतून होडी काढली त्याचे म्हणणे तांत्रिक म्हणून ऐकून घेतले गेले, अशी ही दुर्मीळ घटना.

वाढवणला तेवढे तरी व्हायला हवे. बंदर रद्द करा ही तिथल्या लोकांची मागणी आहे आणि ती करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. प्रस्तुत लेखकाला विचाराल तर, राज्यमाशाच्या विणीच्या पाण्यात देशातले सर्वांत मोठे बंदर बांधण्याआधी दुसऱ्या जागांचा विचार पुरेसा झाला, असे वाटत नाही. पण काम पुढे जाणारच असेल तर निदान मोजणी नीट व्हावी. कोणत्या गावाच्या किती कवी कुठे आहेत, तरंगती जाळी कोणत्या महिन्यात कोणत्या खोलीवर सोडली जातात, पापलेट अंडी घालायला कुठे येते, याचा नकाशा गावोगावी बसून, मच्छीमार सोसायट्यांना सोबत घेऊन, काम वाढण्याआधी करावा आणि तो जाहीर करावा. भरपाईच्या यादीत होडीचा मालक येतो, हे ठीक. त्याच्या होडीवर वाट्याने जाणारा खलाशी येतो का? बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालणारी, पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन विरार-दादर गाठणारी कोळीण येते का? तिच्याकडे नौकेची नोंदणी नाही, परवाना नाही, डिझेलचे कार्ड नाही. तिच्या धंद्याचा पुरावा म्हणजे पाटी, सुरी आणि गेली तीस वर्षे तिच्याकडून मासे घेणारी घरे.

ती घरे म्हणजे आपलीच. पावसाळ्यातली बंदी ३१ जुलैला उठते. सातपाटीकडे नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या निघतात, तोपर्यंत बरीच जुनी माणसे जाळ्याला हात लावत नाहीत. त्यानंतरच्या एखाद्या रविवारी ताजे पापलेट बाजारात येईल. घेताना त्या बाईला, मासा कुठला, एवढे विचारून पाहा. ती जागेचे नाव सांगेल, किती वाव पाण्यात जाळे होते तेही सांगेल. ती जागा कोणत्याही नकाशावर सापडणार नाही.